पायांच्या आकसलेल्या धमन्या आणि चिरफाडीविना उपचार

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. पाटात मध्येच गाळ साचला, तर तलाव काठोकाठ भरलेला असूनही शेवटच्या बांधीतील धान पिवळे पडते, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्या बांधीवर कितीही खत टाकले तरी उपयोग नसतो. पाट मोकळा करावा लागतो. मनुष्याच्या पायाचे नेमके असेच आहे. हृदयातून निघालेले रक्त पोटातून, जांघेतून, मांडीतून आणि पोटरीतून उतरत शेवटी बोटांच्या टोकांपर्यंत जाते. वाटेत कोठेही धमनी आकसली, की पहिला उपास बोटांना आणि टाचेला घडतो. तेथे जखम झाली तर ती भरत नाही. मलम लावले जाते, पट्टी बदलली जाते, गोळ्या बदलल्या जातात, आणि वरचा पाट मात्र तसाच बुजलेला राहतो.

हृदयाची अँजिओप्लास्टी आता आपल्या सर्वांच्या ओळखीची झाली आहे. अमक्याला ‘स्प्रिंग बसवली’ असे आपण सहज बोलतो. परंतु तोच उपचार पायाच्या धमनीवरही करता येतो, किंबहुना तो मुळात पायाच्या धमनीवरच प्रथम झाला, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांतील फार थोड्यांना ठाऊक असते. आजाऱ्यांच्या भेटीला जाताना आम्हाला हे वारंवार जाणवले आहे. पाय काळा पडू लागला की ‘आता कापावाच लागेल’ हे वाक्य घरात आधी उच्चारले जाते, आणि ‘रक्तवाहिनी तपासली का?’ हा प्रश्न पुष्कळ उशिरा विचारला जातो, कधी कधी विचारलाच जात नाही. आम्ही वैद्य नाही. तरी हा प्रश्न योग्य वेळी विचारला जावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

शरीरात शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना धमन्या म्हणतात; जुन्या पुस्तकांत त्यांना रोहिणी म्हटलेले आढळते. त्यांच्या आतील अस्तराखाली वर्षानुवर्षे चरबी, पेशी आणि चुना यांचा थर साचत जातो. वाट अरुंद होते, एखाद्या दिवशी त्या थरावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट पूर्ण बंद होते. सन २०१० मध्ये जगभरात या विकाराचे २० कोटींहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला होता. यातील अनेकांना काहीही त्रास जाणवत नाही. ज्यांना जाणवतो, त्यांची पहिली तक्रार ठराविक असते. काही अंतर चालले की पोटरीत गोळा येतो, थांबावे लागते. दोन-चार मिनिटे उभे राहिले की दुखणे जाते, पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा येते. माणूस त्याला वय समजतो. बाजाराला जाताना ओळखीच्या दुकानापाशी थांबू लागतो, सायकल वापरू लागतो, शेवटी घराबाहेर पडणेच कमी करतो, आणि चालणे बंद झाल्यामुळे दुखणेही बंद झाले म्हणून बरे वाटल्याचे सांगतो!

पुढची पायरी अधिक गंभीर आहे. रात्री आडवे पडले की पाऊल ठणकते आणि पाय खाटेखाली लोंबकळत सोडला की थोडे बरे वाटते. पाय खाली सोडल्यावर रक्ताला उताराची मदत मिळते, एवढेच त्याचे कारण. जो रुग्ण रात्री खुर्चीत बसून झोपतो, किंवा ज्याच्या पायाची जखम दोन आठवडे उलटूनही भरण्याचे चिन्ह दाखवत नाही, त्याचा पाय धोक्यात आहे असे समजावे. अशा वेळी पाय गार पडतो म्हणून गरम विटेने शेकणे, तेलाने जोरजोरात चोळणे हे प्रकार घरोघरी होतात. रक्त कमी पोहोचणारी कातडी उष्णता सहन करू शकत नाही. ती भाजते, आणि एका जखमेच्या दोन होतात.

प्रत्येक पाय एकाच कारणाने दुखत नाही

येथे आपल्या भागाविषयी काही लिहिणे अगत्याचे आहे, कारण पूर्व विदर्भात पायाच्या आजारांची इतकी गर्दी आहे की एकाचे नाव दुसऱ्याला सहज दिले जाते. हत्तीरोगात पाय सुजतो, जड होतो. तो लसिकावाहिन्यांचा आजार आहे, धमन्यांचा नव्हे. पायावर फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळ्या शिरा दिसतात त्या नीलांच्या, म्हणजे अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांच्या. त्यांची जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूस होते आणि पाय उंचावर ठेवला की आराम पडतो; धमनीच्या आजारात उंचावलेला पाय उलट अधिक दुखतो. सिकलसेलच्या रुग्णांनाही घोट्याजवळ चिवट जखमा होतात. कुष्ठरोगाने वा मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, त्यांच्या तळव्याला घट्टा पडून त्याखाली जखम होते आणि ती दुखत नाही. कण्यातील नस दबली तरी चालताना पोटऱ्या भरून येतात, मात्र तेथे नुसते थांबून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते.

एकाच माणसात यातले दोन आजार असू शकतात, हीच खरी मेख आहे. मधुमेहाने पाऊल बधिर झालेले असते, म्हणून धमनी आकसल्याची वेदना कळतच नाही. रोवणीच्या दिवसांत अनवाणी पायाने बांधीत उतरलेल्या अशा माणसाला काटा रुतला, तर त्याचा पत्ता चिखल धुतल्यावर, कधी पू आल्यावर लागतो. दुखत नाही म्हणून काळजी नाही, हा समज मधुमेह्याच्या बाबतीत पूर्णपणे उलटा आहे.

कारणांपैकी मधुमेह, रक्तदाब, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि वय ही आपल्याला परिचित आहेत. त्यांच्याबरोबरीने, आणि पायाच्या बाबतीत बहुधा त्यांच्याही पुढे, तंबाखूचे स्थान आहे. हे लिहिताना आम्हाला थोडे अवघडल्यासारखे होते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्ट्यात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून अनेक कुटुंबे पावसाळ्याची बेगमी करतात. भंडारा-गोंदियाच्या बिडी कारखान्यांनी कित्येक पिढ्यांना रोजी दिली आहे. सुपात पाने आणि जर्दा घेऊन अंगणात बिड्या वळणाऱ्या स्त्रिया आपण लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्या कष्टाचा अनादर कोणी करू नये. पण त्याच पानात गुंडाळलेला धूर त्याच घरातील पुरुषाच्या पायाची धमनी बंद करतो, हेही सत्य आहे. बिडीत तंबाखू थोडी असते म्हणून ती सौम्य, ही समजूत चुकीची आहे. तिच्या धुरातून निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड ही द्रव्ये भरपूर प्रमाणात शरीरात जातात, आणि ती विझू नये म्हणून ओढणाराही अधिक वेळा झुरका घेतो. खऱ्र्याचीही तीच कथा. तो चघळला काय किंवा धूर ओढला काय, निकोटिन शेवटी रक्तातच उतरते.

तंबाखूमुळे होणारा एक वेगळाच आजार आपल्या देशात पुष्कळ दिसतो. न्यूयॉर्क येथील डॉ. लिओ बर्गर यांनी सन १९०८ मध्ये शस्त्रक्रियेने कापलेल्या ११ अवयवांची तपासणी करून त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. यात चरबीचा थर साचत नाही. लहान व मध्यम आकाराच्या धमन्यांना दाह होऊन त्या आतून गुठळ्यांनी भरतात. रुग्ण बहुधा पंचेचाळिशीच्या आतला, कष्टकरी, बिडी ओढणारा पुरुष असतो. पायाची बोटे काळी पडतात, कधी हाताचीही. म्हाताऱ्यांचा आजार समजून तरुण मुलाच्या पायाकडे दुर्लक्ष होते, ते याच ठिकाणी.

तपासणी सोपी आहे

धमनीची पहिली तपासणी डॉक्टरांच्या बोटांनी होते. पावलाच्या वरच्या भागावर आणि आतील घोट्याच्या मागे नाडी लागते. ती चाचपून पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. आमचे मत असे, की मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाने वर्षातून एकदा तरी डॉक्टरांपुढे चपला-मोजे काढून पाय दाखवावेत, आणि डॉक्टरांनी न मागता दाखवावेत.

नाडी नीट लागली नाही तर दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून त्यांची तुलना करतात. दंडावर १४० आणि घोट्यावर ७० भरला, तर भागाकार ०.५ येतो. निरोगी माणसात तो साधारण एकच्या आसपास असतो, ०.९ किंवा त्याखाली गेला तर धमनी आकसली आहे असे मानतात. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमनीच्या भिंतीत चुना साचून ती इतकी कडक होते की दाबली जात नाही, आणि आकडा खोटाच मोठा येतो. तो १.४ च्या वर गेला तर आनंदून न जाता अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्यावा लागतो. यानंतर डॉप्लर सोनोग्राफी. तीत सुईही टोचत नाहीत. सी.टी. अँजिओग्राफीची गरज पुढे, उपचाराचा मार्ग आखताना पडते.

आता उपचाराकडे वळू. तत्पूर्वी एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल. आकसलेली प्रत्येक धमनी फुगा घालून रुंद केलीच पाहिजे असे मुळीच नाही. ज्याला केवळ चालताना पोटरी दुखते, ज्याचे पाऊल धोक्यात नाही, त्याचा पहिला उपचार चालणे हाच आहे. आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा ते पाऊण तास, दुखणे बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे. तीन महिने हे नेमाने केले तर बाजूच्या लहान वाहिन्या आणि स्नायू दोन्ही तयार होतात आणि चालण्याचे अंतर लक्षणीय वाढते. अमेरिकेत सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पोटाखालच्या धमनीत अडथळा असलेले जे रुग्ण देखरेखीखाली चालले, ते सहा महिन्यांनंतर स्टेंट बसवलेल्यांपेक्षाही अधिक वेळ चालू शकले. सोबत तंबाखू पूर्ण बंद, साखर व रक्तदाब आटोक्यात, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी. या गोळ्या पायासाठी तर असतातच, पण त्याहून अधिक हृदयासाठी आणि मेंदूसाठी असतात. पायाची धमनी आकसलेल्या माणसाच्या हृदयाच्या व मेंदूच्या धमन्याही बहुधा निरोगी नसतात, आणि यांतील अनेक रुग्ण पायाने नव्हे तर हृदयविकाराने दगावतात. पाय बरा झाला म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

नळीची आणि फुग्याची कथा

रात्री ठणका लागतो, जखम भरत नाही, बोट काळे पडू लागले आहे, अशा वेळी मात्र चालण्याचा सल्ला पुरेसा नसतो. तेथे रक्त पोहोचवावेच लागते. पूर्वी त्यासाठी एकच मार्ग होता, मोठी शस्त्रक्रिया. तो न पेलवणाऱ्याचा पाय कापला जाई.

सन १९५३ मध्ये स्वीडनच्या डॉ. स्वेन सेल्डिंगर यांनी एक साधी युक्ती काढली. धमनीत सुई टोचायची, सुईतून बारीक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. धमनी उघडी न करता शरीरात शिरण्याची वाट अशी सापडली. पण तिचा उपयोग केवळ चित्र काढण्यासाठी होत असे. अमेरिकेत पोर्टलंड येथील डॉ. चार्ल्स डॉटर यांना सन १९६३ मध्ये असे चित्र काढताना आढळले, की नळी बंद पडलेल्या धमनीतून नकळत पलीकडे गेली आणि वाट मोकळी झाली. पुढच्याच वर्षी, १६ जानेवारी १९६४ रोजी, ८२ वर्षांची एक वृद्धा त्यांच्याकडे आली. तिचे पाऊल गँगरीनने ग्रासले होते, आणि पाय कापून घेण्यास तिने साफ नकार दिला होता. डॉटर यांनी मांडीतील आकसलेल्या भागातून आधी बारीक आणि मग त्यावरून जाड अशा नळ्या सरकवून ती धमनी रुंद केली. पाय गरम झाला, जखम भरली, आणि ती पुढे मृत्यूपर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, स्वतःच्या पायांवर चालली.

एवढे होऊनही डॉटर यांच्या देशात शस्त्रवैद्यांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. युरोपात मात्र त्यांची पद्धत शिकली गेली. झुरिच येथील तरुण जर्मन डॉक्टर आंद्रेआस ग्रुंटसिग यांना जाड नळ्यांऐवजी फुगा वापरावा असे वाटले. रबराचा फुगा कामाचा नव्हता, तो कठीण जागी चेपतो आणि मऊ जागी फुगतो. ठराविक आकारापर्यंतच फुगेल असा प्लास्टिकचा फुगा त्यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर, सहकाऱ्यांच्या मदतीने, अनेक महिने खपून बनवला. सन १९७४ मध्ये तो प्रथम पायाच्या धमनीत वापरला गेला. हृदयाची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी त्यांनी केली ती त्यानंतर, सप्टेंबर १९७७ मध्ये.

आजची पद्धत मूळ कल्पनेत तीच आहे. रुग्ण जागा असतो. जांघेत टोचायच्या जागेपुरते बधिर करतात. कधी हाताच्या मनगटातून, तर कधी वरून वाट सापडत नसेल तेव्हा पावलाच्या धमनीतून उलट दिशेने शिरतात. दोन मिलिमीटरच्या आसपास आतली रुंदी असलेली एक छोटी नळी धमनीत बसवली जाते. तिच्यातून एक मिलिमीटरहूनही बारीक तार अडथळ्यापर्यंत नेतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, वळवत, फिरवत ती पलीकडे काढतात. सारे कौशल्य या एका गोष्टीत असते. तार पलीकडे गेली की फुगा तिच्यावरून सरकतो. मांडीतील धमनीसाठी तो पाच-सहा मिलिमीटरचा, गुडघ्याखाली दोन-तीन मिलिमीटरचा असतो. तो काही मिनिटे फुगवून ठेवतात, मग रिकामा करून काढून घेतात. साचलेला थर बाहेर येत नाही. तो भिंतीकडे दाबला जातो आणि भिंत ताणली जाते. ताणलेली भिंत पुन्हा मिटू लागली किंवा आतील अस्तराला मोठी चीर गेली, तर धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, तेथे बसवतात.

ओटीपोटातील मोठ्या धमनीत स्टेंटचे निकाल उत्तम आहेत. मांडीत ते बरे आहेत, पण तेथे धमनी चालताना वळते, दबते, पिळली जाते, म्हणून गुडघ्याच्या सांध्यामागे स्टेंट बसवणे डॉक्टर शक्यतो टाळतात. गुडघ्याखाली वाहिन्या बारीक, आजार लांबवर पसरलेला, आणि मधुमेह्यांत नेमका तोच भाग बिघडलेला असतो. तेथे मोकळी केलेली वाट काही महिन्यांत पुन्हा आकसणे ही सामान्य गोष्ट आहे. मग उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा, की उघडी जखम भरण्यासाठी जितके रक्त लागते, त्याहून पुष्कळ कमी रक्तावर भरलेली कातडी टिकून राहते. तेवढ्या काही महिन्यांच्या खिडकीत जखम भरली, तर पाय वाचला. म्हणूनच फुगा घालून घरी आणलेल्या रुग्णाच्या जखमेची देखभाल त्याच महिन्यांत सर्वांत दक्षतेने करायची असते.

वाट पुन्हा आकसू नये म्हणून औषधाचा लेप दिलेले फुगे आणि स्टेंट निघाले. त्यातील पॅक्लिटॅक्सेल या औषधाने मृत्यूचे प्रमाण वाढते की काय, अशी शंका डिसेंबर २०१८ मधील एका विश्लेषणाने उत्पन्न केली आणि जगभर खळबळ उडाली. अधिक माहिती तपासल्यानंतर जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तो धोका पुराव्याने सिद्ध होत नसल्याचे सांगितले. चुन्याने दगडासारख्या झालेल्या धमनीसाठी मुतखडा फोडण्याच्या तत्त्वावरील ध्वनिलहरींचा फुगा निघाला आहे, थर खरवडून काढणारी फिरती पाती आहेत, आणि गुडघ्याखाली विरघळून जाणाऱ्या स्टेंटला अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ही साधने महाग आहेत. प्रत्येकाला त्यांची गरज नसते, आणि साधा फुगा पुरेसा असताना महागडे साधन का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

शस्त्रक्रिया आता कालबाह्य झाली, असेही कोणी समजू नये. रुग्णाच्याच पायाची निरोगी नीला काढून अडथळ्याला वळसा घालणारा नवा मार्ग बांधतात, त्याला बायपास म्हणतात. सन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८३० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांच्याकडे अशी चांगली नीला होती त्यांच्यात बायपासनंतर पुन्हा मोठी शस्त्रक्रिया करण्याची किंवा पाय गमावण्याची वेळ कमी जणांवर आली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील अभ्यासाने, गुडघ्याखालील आजारात, आधी फुग्याचा मार्ग घेणाऱ्यांना पाय शाबूत ठेवून अधिक काळ जगता आल्याचे दाखवले. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. रुग्ण वेगळे होते. वयोवृद्ध, हृदय दुबळे, नीला खराब, अशांना नळीचा मार्ग. तुलनेने सशक्त, नीला उत्तम, आजार लांबलचक, अशांना बायपास, असा साधारण कल दिसतो. म्हणून दोन्ही गोष्टी जाणणाऱ्या ठिकाणी मत घेतलेले बरे. ज्याच्या हाती फक्त फुगा आहे त्याला प्रत्येक धमनी फुग्याची दिसणार, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

धोके थोडे आहेत, पण आहेत. टोचल्या जागी रक्तस्राव होऊन जांघेत गाठ येते. म्हणून काही तास पाय न हलवता पडून राहावे लागते. थराचा तुकडा सुटून खाली अडकू शकतो. चित्रासाठी वापरलेले द्रव्य मूत्रपिंडाला त्रास देते, त्यामुळे क्रिएटिनिनची तपासणी आधी करतात. मूत्रपिंड दुबळे असल्यास काही केंद्रांत त्या द्रव्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरून चित्र काढतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बर्गरच्या आजारात मात्र फुग्याची मात्रा फारशी चालत नाही, कारण बंद झालेल्या वाहिन्या फार बारीक आणि टोकाकडच्या असतात. तेथे खरे औषध एकच, तंबाखू पूर्णपणे सोडणे. ‘कमी केली’ हे उत्तर या आजाराला चालत नाही. दिवसाची एक बिडीही तो जिवंत ठेवते. ज्यांनी ती खरोखर सोडली, त्यांच्यावर मोठा पाय गमावण्याची वेळ फार क्वचित येते. घरच्यांनी रागावून हे साधत नाही. व्यसन सोडवण्यासाठी गोळ्या आहेत, समुपदेशन आहे, आणि शासकीय रुग्णालयांत त्याची सोय विचारता येते.

एका प्रसंगी क्षणाचाही विलंब नको. पाय अचानक, काही मिनिटांत वा तासांत, भयंकर दुखू लागला, पांढराफटक व गार पडला, मुंग्या येऊन बधिर झाला, बोटे हलेनाशी झाली, तर एखादी गुठळी येऊन धमनी एकाएकी बंद झाली आहे असे समजावे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांत हे अधिक घडते. साधारण सहा तासांत रक्त सुरू झाले तर स्नायू वाचतात. नळीतून गुठळी विरघळवणारे औषध देऊन, ती शोषून घेऊन, अथवा छोटा छेद घेऊन फुग्याच्या नळीने ती बाहेर ओढून काढता येते. सकाळ होण्याची वाट पाहणे, मालिश, शेक, झाडफूक, यांतील प्रत्येक गोष्ट त्या सहा तासांतून वजा होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि फोनवरच ‘पाय एकाएकी गार पडला आहे’ हे शब्द सांगावेत.

आता कोठे जायचे? गोंदिया येथे सन २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नाडी तपासणे, रक्ताच्या चाचण्या, साखर आटोक्यात आणणे, जखम स्वच्छ करणे यांसाठी प्रथम तेथे जावे. धमनीत फुगा घालण्याच्या उपचारासाठी बहुधा पुढे नागपूरला जावे लागते. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, तसेच मिहान येथील एम्स. रेल्वेने हे अंतर सुमारे १३० किलोमीटरचे. सालेकसा-आमगावकडील काही कुटुंबे छत्तीसगडात रायपूरच्या एम्सला जाणे सोयीचे मानतात.

खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विचार आधी करावा. तिची मर्यादा सन २०२३ मधील निर्णयाने प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्यात आली. आयुष्मान भारत कार्ड असेल तर ते राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही चालते. पण सर्वच उपचार सर्वच रुग्णालयांत योजनेखाली होतात असे नाही. म्हणून दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राला गाठून पायाच्या धमनीचा हा उपचार येथे योजनेत होतो का, आणि स्टेंट लागल्यास तो त्यात धरला आहे का, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि जुने सर्व कागद एका पिशवीत बरोबर ठेवावेत. अनेक रुग्णांचा अर्धा दिवस कागदांसाठी परत गावी माणूस पाठवण्यात जातो.

पाय किंवा बोट कापण्याचा सल्ला मिळाला असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: डॉप्लर झाले आहे का? रक्त वाढवण्याचा काही मार्ग आहे का? विष शरीरात पसरत असेल, ताप चढला असेल, पाय पूर्ण सडला असेल, तर कापणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो आणि तेथे हट्ट धरू नये. पण तशी घाई नसेल, तर आधी वरची वाट मोकळी करून मग काय कापायचे ते ठरवल्यास मांडीऐवजी पाऊल, पावलाऐवजी बोट एवढ्यावर भागू शकते. गुडघा राहिला तर कृत्रिम पायावर चालणे कितीतरी सोपे जाते, हेही विसरू नये.

उपचारानंतर घरी आलेल्याने रोज झोपण्यापूर्वी पाय कोमट पाण्याने धुवावेत, पाण्याची उष्णता पायाने नव्हे तर कोपराने किंवा घरच्या दुसऱ्या माणसाने पाहावी. बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तळवा स्वतःला दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, नाही तर नातवंडाला पाहायला सांगावे. मुलांची नजर तीक्ष्ण असते. नखे सरळ कापावीत, कुरूप ब्लेडने कोरू नये. अनवाणी चालू नये, घरातही नाही. बांधीत उतरणे टळत नसेल तर गमबूट घालावेत आणि पाय घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत. रक्त पातळ ठेवणारी गोळी दात काढण्यासाठीही परस्पर बंद करू नये. पहिल्या वर्षात डॉप्लरसाठी दिलेल्या तारखा चुकवू नयेत, आणि जुनी पोटरीची वेदना पुन्हा सुरू झाली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. नुकतीच आकसू लागलेली वाट पुन्हा रुंद करणे हे पूर्ण बंद झालेली उघडण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.